आंबेनळी घाटातला लाल पट्टा, आणि ‘वय कुणी मोजलं?’ हा प्रश्न

कातळवाट (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो, सोबत आठवीतली भाची. आंबेनळी घाटात एका वळणावर गाडी बाजूला घेतली. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये वीतभर जाडीचा विटकरी लाल पट्टा दिसतो. नखाने खरवडला की गेरूसारखी माती बोटाला लागते, जिभेला लावली तर चिकटते. तिला म्हटलं, खालचा लाव्हा निवला, त्यावर ऊन-पाऊस लागून माती धरली, वाऱ्याबरोबर ज्वालामुखीची राखही येऊन पडली असेल, मग वरून पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकलं गेलं. “कधी?” “सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, थोडं मागेपुढे.” “पण मामा, कुणी मोजलं?”

मी कॉलेजात वीस वर्षं भूविज्ञान शिकवलं. तरी पोलादपूर येईपर्यंत मला तिचं समाधान करता आलं नाही. ‘युरेनियमवरून काढतात’ एवढ्यावर ती ऐकेना, आणि तिचं बरोबरच होतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे सांगावं.

आधी क्रम, मग आकडा. खालचा थर जुना, वरचा नवा, हे निकोलस स्टेनोने १६६९ मध्येच मांडलं. आपल्या सह्याद्रीत ही रांग फार सुंदर दिसते. लाव्हाच्या प्रवाहांची रासायनिक घडण तपासून अभ्यासकांनी त्यांचे गट पाडले आणि गटांना इथल्याच गावांची, घाटांची नावं दिली. खालून वर जाताना जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगभरचे भूवैज्ञानिक ही नावं आपापल्या उच्चारात घेतात, याचा मला दर वेळी मनापासून आनंद होतो.

क्रम कळला तरी वर्षं कळत नाहीत. त्यासाठी घड्याळ लागतं, आणि ते खडकातच असतं. काही अणू अस्थिर असतात, ते ठरलेल्या गतीने दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात. निम्मे अणू बदलायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. युरेनियम-२३८ चं शिसं व्हायला अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी, पोटॅशियम-४० चं सुमारे १२५ कोटी. सह्याद्रीच्या वयाच्या स्फटिकात पाहिलं तर दर शंभर युरेनियम-२३८ अणूंपैकी जेमतेम एकाचं शिसं झालेलं असतं. तो एक अणू नेमका मोजायचा, सगळी कसरत तिथे आहे.

आणि भाचीला जे सांगायचं राहिलं ते हे : प्रयोगशाळेतून येणारा आकडा हा नुसता ‘खडकाचं वय’ नसतो. एखादं घड्याळ कधी सुरू झालं, त्याचा तो आकडा असतो. कोणतं घड्याळ, कोणत्या स्फटिकातलं, आणि ते सुरू होण्याची घटना कोणती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुठल्याही वयावर विसंबू नये.

---

ओवी_ठाणे | रविवार, रात्री १०:१५

फार छान धागा, दादा. एक बाळबोध शंका. मुलांच्या पुस्तकात कार्बनवरून वय काढतात असं वाचलं होतं. मग डायनोसॉरच्या हाडांचं कार्बनवरून का नाही काढत?

---

कातळवाट | रविवार, रात्री १०:३२

ओवीताई, शंका अजिबात बाळबोध नाही, माझ्या वर्गात दर वर्षी यायची. कार्बन-१४ चं अर्धायुष्य फक्त ५७३० वर्षं. दहा अर्धायुष्यं गेली की हजारातला एखादाच अणू उरतो. म्हणून ही पद्धत ५० हजार वर्षांच्या आसपास थकते. डायनोसॉर संपल्याला या हिशेबाने साडेअकरा हजार अर्धायुष्यं झाली. मोजायला काही शिल्लकच नाही.

शिवाय जीवाश्म म्हणजे बहुतेक वेळा मूळ हाडाच्या जागी खनिजं भरून झालेला दगड. त्यात भरवशाचं घड्याळ क्वचितच असतं. म्हणून जीवाश्माला बहुधा कोंडीत पकडतात. त्याच्या खाली आणि वर ज्वालामुखीची राख किंवा लाव्हा सापडला, की दोन्हींचं वय काढायचं. जीवाश्म मधला.

---

झिलपी | सोमवार, सकाळी ७:०५

नागपूरहून लिहितो. आमच्याकडची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे.

नागपुरात टाकळी, गिट्टीखदान या भागांत लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये तळ्यांचा गाळ सापडतो. लाव्हा थांबला त्या काळात तिथे पाणी साचलं, गोगलगायी, मासे, पाणवनस्पती राहिल्या, मग पुन्हा लाव्हाने सारं झाकलं. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने हंटर नावाच्या सहकाऱ्याबरोबर १८५० च्या दशकातच हे जीवाश्म गोळा करून त्यावर लिहिलं. पण वय? किरणोत्सार कुणाला ठाऊकच नव्हता. जीवाश्म कुठल्या काळातल्या जिवांशी जुळतात, एवढंच पाहायचं.

आणि तिथे मोठा वाद झाला. डेक्कन ट्रॅप, म्हणजे दख्खनचा हा सगळा लाव्हा, डायनोसॉरांच्या काळाच्या शेवटचा की त्यानंतरचा? वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी १९३४ मध्ये थेट हाच प्रश्न मांडला आणि वनस्पतींच्या जीवाश्मांवरून तो नंतरचा, म्हणजे तृतीयक काळातला, असं मत दिलं. छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानच्या वनस्पती त्या वादात फार महत्त्वाच्या होत्या. दुसरीकडे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं आणि शेणाचे जीवाश्म मिळतात. २००५ मध्ये त्याच शेणाच्या गोळ्यांत गवताचे सिलिकाकण सापडल्याचं प्रसिद्ध झालं. त्याआधी डायनोसॉरांच्या काळात गवत होतं असं सहसा कुणी धरत नव्हतं. मी ते गोळे हातात घेतलेत. वजनदार, मातकट, बटाट्याएवढे, आणि वरून आवळल्यासारख्या घड्या.

पिसदुऱ्याचा थर लाव्हाच्या खाली आहे, म्हणजे लाव्हाहून जुना. त्याच काळच्या मध्य भारतातल्या थरांत ‘ॲक्विलापोलेनाइट्स’ नावाचे विशिष्ट परागकण मिळतात, ते क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरची खूण समजले जातात. म्हणजे परागकणांनी एक बाजू धरली आणि लाव्हाने दुसरी.

---

प्रश्नचिन्ह | सोमवार, सकाळी ९:४८

लेख आवडला, पण मनापासून एक अडचण वाटते. दोन गोष्टी गृहीत धरल्यात. एक, अर्धायुष्य कोट्यवधी वर्षं तेवढंच राहिलं. दोन, सुरुवातीला शिसं शून्य होतं. कुणी पाहिलंय? मी इंजिनिअर आहे, मीटर कॅलिब्रेट केल्याशिवाय रीडिंग घेत नाही.

---

सूक्ष्मदर्शी | सोमवार, दुपारी १:२०

प्रश्नचिन्ह, हाच प्रश्न विचारायला हवा. मी काही वर्षं एका प्रयोगशाळेत खनिजं वेगळी करण्याचं काम केलंय, म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते.

झिरकॉन नावाचं खनिज आहे. लाल मातीच्या पट्ट्यातली राख धुऊन घेतली तर त्यात ते मिळू शकतं. वीसेक किलो माती भिजवायची, गाळ ओतून द्यायचा, उरलेली वाळू सुकवायची. मग जड द्रवात टाकायची. हलकी खनिजं तरंगतात, झिरकॉन तळाशी जातो. चुंबकाने लोहयुक्त कण काढायचे. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने एकेक कण उचलायचा. मिठाच्या दाण्याहून लहान, पारदर्शक, दोन्ही टोकांना टोकदार, पेन्सिलीला दोन्हीकडून टोक केल्यासारखा. दिवसभर बसून दहा-बारा चांगले कण मिळाले तर मी घरी आनंदात जायची.

हा कण का निवडतात? स्फटिक तयार होताना झिरकोनियमच्या जागी युरेनियमचा अणू सहज बसतो, शिशाला मात्र तो स्फटिक आत घेत नाही. त्यामुळे सुरुवातीचं शिसं जवळपास शून्य, हे स्फटिकाच्या रचनेतूनच येतं. जे थोडंफार बाहेरचं शिसं चिकटतं, तेही शिसे-२०४ या समस्थानिकावरून (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) ओळखून वजा करतात. शिसे-२०४ कुठल्याच किरणोत्सारातून बनत नाही, म्हणून ते दिसलं की समजायचं, हे बाहेरून आलंय.

आणि तुमच्या मीटरचं म्हणाल तर झिरकॉनमध्ये दोन मीटर एकत्र असतात. युरेनियम-२३८ वेगळ्या गतीने शिसे-२०६ होतं, युरेनियम-२३५ वेगळ्या गतीने शिसे-२०७. एकाच कणात दोन्हींनी एकच वय सांगितलं तर घड्याळ बिघडलेलं नाही. मधे कधी शिसं निसटलं असेल तर दोघांचं जमत नाही, आणि तो कण बाजूला पडतो. हल्ली तर आधीच कण तापवून आम्लात थोडा विरघळवतात. किरणोत्साराने खिळखिळा झालेला, गळका भाग त्यात निघून जातो आणि घट्ट भाग मोजायला उरतो.

एक प्रसंगही सांगते. एकदा आमच्या नमुन्यात लाव्हाच्या मानाने अशक्य वाटावेत असे शेकडो कोटी वर्षांचे झिरकॉन आले. आम्ही हरखलो, दोन-तीन महिने त्यावर चर्चा चालली. मग कळलं की आमच्या आधी त्याच क्रशरमध्ये कुणीतरी ग्रॅनाइट दळला होता आणि यंत्र नीट धुतलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक नमुन्याआधी मी स्वतः शुद्ध क्वार्ट्झ दळून क्रशर साफ करायची, चाळण्या तर नव्या घ्यायची. आकडा बिनचूक होता. तो भलत्याच खडकाचा होता, एवढंच.

---

कातळवाट | सोमवार, संध्याकाळी ६:५५

सूक्ष्मदर्शी ताई, शतशः आभार. वर्गात मी झिरकॉनचं चित्र दाखवायचो, इतकं हाताने कुणी सांगितलं नव्हतं.

अर्धायुष्य बदललं असेल का, याची तपासणीही झालेली आहे. १९८७ मध्ये दिसलेला अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन मेलेला तारा, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे जे दिसलं ते तितक्या वर्षांपूर्वीचं. त्याचा उजेड कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्याप्रमाणेच कमी होत गेला, आजच्या प्रयोगशाळेत मोजतो तसाच. आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लो इथे युरेनियमच्या खाणीत सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी नैसर्गिक अणुभट्टी चालली होती, १९७२ मध्ये ते लक्षात आलं. तिथे उरलेल्या समस्थानिकांचं प्रमाण आजच्या अणुभौतिकीच्या नियमांत बसतं.

आणि एक घड्याळ तर किरणोत्साराशी संबंधच नसलेलं आहे. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल ठरावीक काळाने बदलतो, त्यासरशी हवामान बदलतं, आणि समुद्रतळाच्या गाळात चुनखडी आणि चिकणमातीचे थर आलटून पालटून बसतात. स्पेनच्या किनाऱ्यावर सुमाया इथे ते पुस्तकाच्या पानांसारखे उभे आहेत. ती पानं मोजता येतात.

---

रॉकीज_मधून | सोमवार, रात्री ११:३० (भारतीय वेळ)

कोलोरॅडोत राहते, मूळची कोल्हापूरची. वरच्या मुद्द्याला धरून एक भर.

आर्गॉनच्या पद्धतीत पोटॅशियम-४० पासून बनलेला आर्गॉन वायू मोजतात. लाव्हा वितळलेला असताना तो वायू उडून जातो, गोठल्यावर स्फटिकात कोंडला जातो. घड्याळ तिथे शून्यावर येतं. आधी नुसतं पोटॅशियम आणि आर्गॉन वेगवेगळ्या तुकड्यांत मोजत. आताच्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत नमुना अणुभट्टीत ठेवतात, पोटॅशियम-३९ चा आर्गॉन-३९ होतो, मग एकाच तुकड्यातून दोन्ही वायू एकत्र मोजता येतात. नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात. बाहेरच्या कुजलेल्या भागातला वायू आधी निघतो, आतला नंतर. बऱ्याच टप्प्यांवर तेच वय आलं की ते विश्वासाचं.

पण भट्टीत किती न्यूट्रॉन लागले हे कळायला शेजारी माहीत वयाचा नमुना ठेवावा लागतो. जगभर त्यासाठी सर्वात जास्त वापरतात तो फिश कॅन्यनच्या ज्वालामुखी राखेतला सॅनिडीन हे पोटॅशियमयुक्त खनिज, आमच्या इथल्या सॅन वान पर्वतातला. त्याचं वय सुमारे २ कोटी ८२ लाख वर्षं. ते कशावरून ठरवलं? २००८ मध्ये मोरोक्कोतल्या समुद्री गाळात सापडलेल्या राखेशी ताडून, आणि त्या गाळाचं वय पृथ्वीच्या कक्षेच्या चक्रांवरून मोजलेलं. म्हणजे प्रश्नचिन्ह दादांचं कॅलिब्रेशन आकाशातून झालेलं आहे. मागच्या उन्हाळ्यात मी त्या खडकापाशी गेले होते. करडा, ओबडधोबड, कुणी वळून पाहणार नाही असा. हात लावून उभी राहिले आणि सह्याद्री आठवला.

---

प्रश्नचिन्ह | मंगळवार, सकाळी ८:१०

कॅलिब्रेशनबद्दल समाधान झालं, मनापासून धन्यवाद. आता पुढचा. एवढी काळजी घेऊनही वयं चुकतात ना? लोणारबद्दल मी दोन वेगळे आकडे वाचलेत. एक ५० हजार, एक साडेपाच लाख. दहापट फरक!

---

कातळवाट | मंगळवार, दुपारी २:४५

हो, आणि लोणार हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. विवर पावणेदोन किलोमीटरहून मोठं, बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, अशनीच्या आघाताने झालेलं. तापवल्यावर खनिजातून निघणारा प्रकाश मोजण्याच्या पद्धतीने, म्हणजे तापदीप्तीने, १९९७ मध्ये सुमारे ५२ हजार वर्षं आलं. सरोवरातल्या गाळाच्या कार्बनने त्याहूनही कमी वयं दिली. पुढे २०११ मध्ये आघाताने वितळलेल्या खडकाचं आर्गॉन-आर्गॉन वय काढलं, ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं.

आता पहिले तीन प्रश्न लावा. गाळाचा कार्बन काय सांगतो? तो गाळ कधी बसला ते. विवर त्याआधी कितीही जुनं असू शकतं. वितळलेल्या खडकातला आर्गॉन आघाताच्या क्षणी शून्यावर यायला हवा, म्हणून घटनेच्या सर्वात जवळचं घड्याळ ते. तरी त्यातही एक खाच आहे. मूळ बेसाल्ट ६ कोटी वर्षांहून जुना, त्यातला थोडासा आर्गॉन वितळताना निघाला नसेल तर वय फुगतं. अभ्यासकांनी तो हिशेब वेगळा काढून मगच आकडा दिला. मला स्वतःला तोच पटतो.

---

कुकडी_खोरं | मंगळवार, रात्री ८:२०

लोणारचा विषय निघाला म्हणून आमच्या जुन्नर तालुक्यातल्या बोरीचं सांगतो. कुकडीच्या काठावर पांढुरक्या राखेचा थर आहे आणि त्याच परिसरात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. राख भारतातली नव्हे, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. पहिल्यांदा पोटॅशियम-आर्गॉनने वय आलं सुमारे १४ लाख वर्षं. पुढे आर्गॉन-आर्गॉनने सुमारे ६ लाख ७० हजार. तिसऱ्या गटाने राखेतल्या काचेच्या कणांचं रासायनिक पृथक्करण केलं आणि सांगितलं, ही टोबाच्या सर्वात अलीकडच्या स्फोटाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. राख नदीने वाहून आणलेली, तिच्यात जुने खनिजकण मिसळले तर आर्गॉनचं वय वाढतं, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे राख जुनीच आहे असं पुन्हा मांडणारेही झाले.

आमच्यासाठी हा नुसता आकड्याचा वाद नाही. जुन्नरला माणूस किती जुना, हा तो प्रश्न आहे. नदीकाठची ती पांढरी रेघ मी लहानपणापासून पाहतोय. आम्ही पोरं तिला चुन्याचा पट्टा म्हणायचो आणि त्या मातीने भांडी घासायचो, चांगली लख्ख निघायची.

---

साकीनाका_लोकल | बुधवार, सकाळी १०:०२

अंधेरीतल्या गिल्बर्ट हिलच्या फलकांवर, बातम्यांत नेहमी ६ कोटी ६० लाख वर्षं वाचतो. ते बरोबर का?

---

कातळवाट | बुधवार, दुपारी १२:३०

ते सरसकट डेक्कन ट्रॅपचं वय लावून दिलेलं आहे. २००१ मध्ये त्या टेकडीचंच आर्गॉन-आर्गॉन वय काढलं गेलं, ते आलं सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षं, बारा लाखांच्या मागेपुढे. मनोरीच्या ट्रॅकाइट या ज्वालामुखी खडकाचं वयही तसंच निघालं. म्हणजे मुंबईचा ज्वालामुखी घाटातल्या मुख्य उद्रेकानंतर काही दशलक्ष वर्षांनी पुन्हा पेटला. टेकडीवर गावदेवीचं देऊळ आहे, खाली उभे पाषाणस्तंभ. देवळाच्या पायऱ्या चढताना तुम्ही डायनोसॉर गेल्यावर पन्नासेक लाख वर्षांनी गोठलेल्या खडकावरून चढत असता. फलक बदलायला हवेत असं मला तळमळीने वाटतं.

---

झिलपी | बुधवार, रात्री ९:१५

आता मुख्य प्रश्न घ्या ना. डायनोसॉर लाव्हाने गेले की मेक्सिकोतल्या अशनीने? वयावरूनच ते ठरणार.

---

कातळवाट | गुरुवार, सकाळी ६:४०

याच उत्तरासाठी रात्री उशिरापर्यंत जागून जुनी टिपणं काढली.

१९८० च्या आधी डेक्कन ट्रॅपची पोटॅशियम-आर्गॉन वयं ३ कोटींपासून ८ कोटींच्याही पुढे पसरलेली होती. आपल्या दमट हवेत बेसाल्ट कुजतो, आर्गॉन निसटतो, वय खोटं पडतं. त्यामुळे उद्रेक कोट्यवधी वर्षं चालला असंच धरलं जाई. ते चित्र चुंबकाने बदललं. लाव्हा थंड होताना त्यातली लोहखनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेला गोठतात. आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मधूनमधून उलटतं. घाटातल्या लाव्हाच्या या प्रचंड जाडीत उलटापालट मोजक्याच मिळतात, मोठा हिस्सा एकाच उलट्या काळातला. कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की उद्रेक फार थोड्या काळात उरकला आणि तो क्रिटेशियसच्या शेवटाशी जुळतो. १९८८ मध्ये डंकन आणि पाइल यांच्या आर्गॉन-आर्गॉन वयांनी त्याला दुजोरा दिला. याच चुंबकीय खुणांवरून १९५६ मध्येच कळलं होतं की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

राजमहेंद्रीचा पुरावा मला सर्वात लाडका. गोदावरीच्या तोंडाशी लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये समुद्री गाळ आहे, आणि त्यात क्रिटेशियस संपल्यानंतर लगेच आलेले फोरामिनिफेरा, म्हणजे कवच असलेले सूक्ष्म एकपेशी जीव, आहेत. हे जीव जगभरच्या समुद्रांत त्याच क्रमाने येतात. त्या प्रवाहांची रासायनिक घडण आंबेनळी-महाबळेश्वर गटांशी जुळते. सह्याद्रीत उसळलेला लाव्हा हजारेक किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत गेला असं अभ्यासक मानतात. त्यामुळे घाटातल्या ज्या खडकात एकही समुद्री जीव नाही, त्याचं वय राजमहेंद्रीच्या फोरामिनिफेरांनी ताडता आलं.

आणि मग २०१९. एकाच अंकात, ‘सायन्स’ नियतकालिकात, आपल्याच घाटांवरचे दोन शोधनिबंध. एका गटाने लाल पट्ट्यांतल्या राखेचे झिरकॉन मोजले, दुसऱ्याने बेसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेज या खनिजाचा आर्गॉन. दोघांचं एकमत : बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला, आणि अशनीचा आघात या काळातच झाला. आघाताची वेळ मोंटानातल्या हेल क्रीकच्या कोळशाच्या थरांतली राख मोजून ठरलेली, सुमारे ६ कोटी ६० लाख ५० हजार वर्षं. मतभेद कुठे? झिरकॉनवाले म्हणतात, आघाताच्या काही दहा हजार वर्षं आधी पोलादपूर गटाचा मोठा झटका आला. आर्गॉनवाले म्हणतात, आघाताची रेघ बुशे आणि पोलादपूरच्या सीमेजवळ पडते आणि तीन चतुर्थांश लाव्हा नंतरचा.

दोन्ही गट प्रामाणिक, दोन्ही पद्धती भक्कम. मग फरक का? राखेतला झिरकॉन लाल मातीत पडण्याआधी ज्वालामुखीच्या पोटात काही हजार वर्षं राहिला असू शकतो, म्हणजे तो स्वतःचं वय सांगतो, मातीचं नव्हे. दुसरीकडे प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम इतकं थोडं की आकड्याची अनिश्चितता मोठी. मला विचाराल तर झिरकॉनची रेघ बारीक आहे, पण ती रेघ नेमकी कुठल्या दगडावर ओढायची ते अजून ठरायचंय. आणि ते ठरेल ते पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरच्या खाली, मी भाचीला घेऊन थांबलो होतो त्या रस्त्यावर.

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, सकाळी ११:१०

एक भर. सगळ्या लाल पट्ट्यांत झिरकॉन नसतो. काही पट्टे नुसते कुजलेल्या बेसाल्टचे, बाहेरून राख न आलेले. बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा बनत नाही. म्हणून नमुने खूप आणायचे आणि थोड्यांत यश मिळेल असं धरून चालायचं.

---

अण्णा_विहीरवाले | गुरुवार, रात्री ९:५०

मी फक्त वाचत होतो. कोरेगाव भागात तीस वर्षं विहिरी खोदण्याचं काम करतो. तुमचा लाल पट्टा म्हणजे आमचा गेरू. मुरूम, मग काळा पाषाण, मग गेरू लागला की आम्ही सावध होतो, कारण गेरूच्या वर पाणी थांबतं आणि गेरू ढासळतो. त्याला दगडाचं बांधकाम करावंच लागतं. सध्या एका विहिरीचं काम चालू आहे, तिथे दोन गेरू लागलेत. त्यातल्या खालच्यात पांढरट बारीक रेघ आहे, मी आजवर तशी पाहिलेली नाही. दोन दिवसांत बांधकाम सुरू होईल, मग ते कायमचं झाकलं जाईल. काही करायचं का?

---

कातळवाट | गुरुवार, रात्री ९:५८

अण्णा, बांधकामाआधी माती नक्की काढा. पांढरी रेघ राखेची असेल का, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण अशी संधी पुन्हा येत नाही. मी शनिवारी सकाळी निघतो. विहिरीत तुमच्या माणसाची सुरक्षितता आधी. ढासळत असेल तर राहू द्या.

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, रात्री १०:०५

अण्णा, रेघेची माती वेगळी आणि आजूबाजूच्या गेरूची वेगळी, प्रत्येकी निदान दहा किलो. खताची किंवा सिमेंटची जुनी गोणी नको, नवी प्लास्टिक पिशवी घ्या. पहार-फावडं आधी पाण्याने स्वच्छ धुवा, वरची माती आत पडू देऊ नका. माती धुऊ नका, चाळू नका. पिशवीवर कायम शाईच्या पेनने खोली लिहा, काठापासून मोजलेली, आणि टेप लावलेला फोटो काढा.

---

अण्णा_विहीरवाले | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

पोरगा दोर बांधून उतरला, मी वरून दोर धरला. चार पिशव्या भरल्या. वरचा गेरू ३८ फुटांवर, खालचा ६१ फुटांवर, पांढरी रेघ ६१ फूट ४ इंचांवर, दोन बोटं जाडीची. फोटो काढलेत. पिशव्या ओसरीत सावलीला ठेवल्यात. शनिवारी जेवायलाच या.